थोरलीच्या पत्त्यावर

आईच्या नावाची चिठ्ठी घराच्या दारावर चिकटवून युतमेई दोन पावलं मागं सरली आणि तिनं स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. घर कागदाचं. बांबूच्या कामट्या, खळ, रंगीत कागद. दोन मजली, लाल छपराचं, चांगलं कंबरेएवढं उंच. उद्या आईचा एकोणपन्नासावा दिवस. उद्या सकाळी हे घर कबरस्तानातल्या भट्टीत जाळायचं, म्हणजे ते तिकडं आईला पोचणार. घर आईनंच सुरू केलं होतं, स्वतःसाठी, शेवटच्या आजारात. "तोंगशेठच्या त्या हाँगकाँगहून आलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मी राहायची नाही, आत्ताच सांगून ठेवते," असं तिनं बजावलं होतं. छप्पर तेवढं राहिलं. ते युतमेईनं घातलं. जरा तिरकं झालं, पण आता आई थोडीच कान पिळायला येणार होती!

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली निम्मी मेलेली माणसं आज या बाईनं बांधलेल्या घरांत राहतात, आणि अजून तरी एकाचीही तक्रार आलेली नाही. नवरा गेला तेव्हा युतमेई नऊ वर्षांची होती आणि धाकटा होनमिंग सहाचा. नवऱ्यासाठी घर घ्यायला आई तोंगशेठच्या उत्तरक्रियेच्या सामानाच्या दुकानात गेली, घर चारी बाजूंनी बघितलं आणि नाक मुरडलं.

"याला जिना कुठंय? वरच्या मजल्यावर काय उडून जायचं त्यानं?"

"एवढी हौस असेल तर बांध की स्वतः," तोंगशेठ चिडून म्हणाले.

तिनं बांधलं. जिना, जिन्याला कठडा, कठड्याला नक्षी. घर जळायला दहा मिनिटं लागली आणि दुसऱ्या दिवशी तोंगशेठ स्वतः खोली शोधत आले, बाईला कामावर ठेवायला. तेव्हापासून सदतीस वर्षं, सकाळी आठ ते पाच शिवणकारखान्यात पँटींना चेनी लावायच्या आणि पाचनंतर तोंगशेठच्या तळघरात मेलेल्यांची घरं बांधायची, असा तिचा दिनक्रम. दोन पोरं त्याच तळघरात खळीच्या डब्यांशेजारी अभ्यास करून मोठी झाली. मुलगी टपालखात्यात लागली, मुलगा दातांचा डॉक्टर झाला. एकटी बाई, हातात फक्त कात्री. करून दाखवलं की नाही?

आणि घरं काय एकेक! आयुष्यभर धोब्याचं काम केलेल्या म्हाताऱ्या मोईंच्या घरात सगळं होतं, पण इस्त्री नव्हती. त्यांचा मुलगा म्हणाला, राहिली वाटतं. आई त्याच्यावर अशी कडाडली, "मेल्यावरही तुझ्या बापानं इस्त्रीच करायची का रे?" एका विधवेनं नवऱ्याच्या घरात एकच खुर्ची मागितली होती. दुसरी कशाला, कुणी येऊन बसायला? आईनं हसू दाबून एकच खुर्ची केली, पण रुंद केली. बाईच्या ते लक्षात आलं नाही.

लहानपणी युतमेईनं एकदा विचारलं होतं, "आई, जळणारच आहे ना सगळं, मग मागची भिंत कशाला रंगवतेस?"

"आणि राहणारा मागच्या दारानं आला तर?"

"मागचं दार तरी कशाला?"

"मागचं दार नाही ते घर कसलं! कोंबड्यांचं खुराडं झालं ते."

तर अशा बाईच्या घराला काही कमी पडू नये म्हणून पोरांनी जिवाचं रान केलं होतं. दर सातव्या दिवशी काहीतरी पाठवायचं असतं, तसं सहा आठवडे पाठवलं. पहिल्या सातव्याला चार ऋतूंचे कपडे, मग गुडघ्याच्या मलमाच्या कागदी बाटल्या, काठी, जाड भिंगांचा चष्मा. चौथ्या सातव्याला होनमिंगनं स्वतः कातरून कागदाची कवळी केली, वरची आणि खालची, हिरड्या गुलाबी. तीन वेळा माप चुकलं म्हणून तीन वेळा केली. प्रत्येक पुडक्यावर नावाची चिठ्ठी युतमेईच्या हातची. त्याबाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही. बावीस वर्षं टपालखात्यात काढली होती, पत्ता चुकला की पार्सल गेलं हे तिच्याइतकं कुणाला माहीत? आणि इथं तर वाटेत भुकेली भुतं टपूनच बसलेली असतात, बेवारस पुडकं दिसलं की लंपास!

त्या दिवशी, शनिवारी दुपारी, क्वान मावशी घर बघायला तळघरात उतरली. ही आईची सगळ्यात जुनी मैत्रीण, वय बहात्तर, उंची जेमतेम टेबलाएवढी, आवाज मात्र आगीच्या बंबाचा. तिनं आधी घराभोवती फेरी मारली, छपरावर बोट ठेवून "हे तुझं ना? वाटलंच," म्हणाली, मग चष्मा पुसून दारावरची चिठ्ठी वाचायला वाकली.

'लुई घराण्याची सून लायफोंग हिला, तिच्या मुलांकडून, घर एक.'

मावशी सरळ झाली. तिनं युतमेईकडं बघितलं, होनमिंगकडं बघितलं, आणि हसायला लागली. हसत हसत खुर्चीत बसली, खुर्चीतून कामट्यांच्या ढिगावर कलंडली. कवळी होनमिंगनं बसवलेली म्हणून जागेवर राहिली, नाहीतर गेलीच होती.

"सहाही आठवडे हेच नाव लिहिलंत?"

"मग काय लिहायचं?" युतमेई म्हणाली. "आईचंच नाव ना ते?"

"तुझ्या आईचं कसलं डोंबलाचं! लायफोंग म्हणजे तुमच्या बापाची पहिली बायको. अडतीस साली गावाकडं तापानं गेली ती, बोटीत चढायच्या आधी. एकोणीस वर्षांची होती बिचारी."

होनमिंग तीन उड्यांत जिना चढला आणि तळघराचं दार लावून आला. "मावशी, हळू! कुणी ऐकेल!"

"ऐकू दे की. पन्नास वर्षं झाली."

"तरीपण हळू!" पठ्ठ्या जन्मला याच शहरात, त्रेचाळीस वर्षांचा घोडा, दवाखान्यावर पितळी पाटी, तरी कागदपत्रांचा विषय निघाला की त्याचा आवाज आपोआप खाली जायचा. हे आईचंच. दारावर थाप पडली की दोन्ही पोरांना कपाटामागं ढकलायची ती, मग बाहेर दूधवाला का असेना.

मावशीनं सांगितलं ते असं. बाप इथं जडीबुटीच्या दुकानात भागीदार. व्यापाऱ्याची बायको म्हणून लायफोंगचे कागद केलेले, सगळं तयार, आणि ती गेली. इथं चिन्यांना पाय ठेवू देत नव्हते त्या काळात, कागद पुन्हा कुठून मिळणार? म्हणून त्यानं दुसरं लग्न केलं आणि दुसरीला पहिलीच्या नावानं बोटीत बसवलं. फोटो? साहेबांना सगळ्या सारख्याच दिसायच्या.

"म्हणजे कवळी..." युतमेई म्हणाली.

"एकोणीस वर्षांच्या पोरीला," होनमिंग म्हणाला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "ताई, तीन वेळा माप घेतलं गं मी!"

"आणि काठी! आणि गुडघ्याचं मलम!"

"ती म्हणत असेल, कोण ही येडी पोरं, आणि माझ्या दातांवर का उठलीत?"

संपलं. दोघंही टेबलाला धरून हसत सुटली. होनमिंगच्या हाताचा धक्का लागून खळीचा डबा आडवा झाला, तो उचलायला वाकली तर युतमेईची मुरकुंडी वळली. सहा आठवडे रडून रडून जे काही छातीत साठलं होतं ते सगळं हसण्यावाटे बाहेर पडलं म्हणा ना. वरून तोंगशेठ काठी आपटत ओरडले, "सुतकाचं घर आहे की तमाशाचा तंबू?"

मावशीला तर चेवच चढला. बेटावर तिची आणि आईची खाट शेजारी शेजारी. बोटीतून उतरलं की आधी त्या बेटावर कोंडायचे आणि साहेब चौकशी करायचे. गावात घरं किती, तुमचं घर रांगेत कितवं, विहीर कुठल्या बाजूला, स्वयंपाकघरात खिडकी आहे का. तेच प्रश्न इकडं नवऱ्याला. उत्तरं जुळली नाहीत की परतीची बोट. म्हणून सगळ्या बायका उत्तरांची वही पाठ करून यायच्या.

"तुझ्या आईला वही तोंडपाठ होती. साहेबानं विचारलं, घर कसंय? हिनं सांगितलं. तिथं थांबावं की नाही? छे! जन्मात न बघितलेल्या घराचं असं वर्णन लावलं, की खिडकीत मांजर काय, भिंतीवर दोडक्याचा वेल काय, आणि मागचं दार. दुभाष्या लिहून लिहून दमला. अगं, त्या घराला मागचं दारच नव्हतं! मी म्हटलं, मेले, का सांगितलंस? तर म्हणते, सांगता सांगता मला घर दिसायला लागलं, आणि मागच्या दाराशिवाय ते बरं दिसेना."

"मग?"

"मग काय, तीन आठवडे जास्त कोंडून ठेवली. तुमच्या बापाला परत बोलावलं. साहेब म्हणाला, तुमची बायको म्हणते मागं दार आहे, तुम्ही म्हणता नाही. तुमचा बाप गरीब माणूस, घामाघूम झाला, आणि म्हणाला, साहेब, बायको म्हणतेय तर असणारच. तो साहेब लग्न झालेला होता. हसला आणि शिक्का मारला."

युतमेईनं डोळे पुसले. बापाबद्दल एवढी मजेची गोष्ट तिनं आजवर ऐकली नव्हती. नवी चिठ्ठी लिहायला तिनं ब्रश शाईत बुडवला आणि अगदी सहज विचारलं, "बरं मावशी, मग आईचं खरं नाव काय?"

मावशीचं हसू हळूहळू उतरलं.

"ते मला आठवत नाही, बाळा."

"म्हणजे?"

"तिनं एकदाच सांगितलं. पहिल्याच दिवशी, जेवणाच्या रांगेत. आणि म्हणाली, आता तू विसर, मी पण विसरते. झोपेत बडबडले तरी लायफोंगच निघालं पाहिजे. मी शब्द दिला होता गं. रोज उठून विसरायचा सराव केला." मावशी रडवेली झाली. "फूल होतं बहुतेक नावात. पण तेव्हा निम्म्या पोरींच्या नावात फूलच असायचं."

युतमेईनं ब्रश खाली ठेवला. तिला एकदम संताप आला, आईचाच. सगळ्या गावाला घरं बांधून दिली, प्रत्येकाच्या दारावर नाव, आणि स्वतःच्या पोरांना साधं नाव सांगितलं नाहीस? कशाला एवढी भीती? कोण पकडणार होतं तुला एकोणसत्तराव्या वर्षी? थडग्याच्या दगडावरसुद्धा दुसरीचं नाव कोरून पडलीस! आणि आता हे घर पाठवायचं कुणाला? तिनं जन्मभरात स्वतःसाठी बांधलेलं हे एकच घर, ते जर दुसरीकडं गेलं तर ती बिचारी तिकडं रस्त्यावरच. सहा आठवडे झाले, अंगावर कपडेसुद्धा नसतील तिच्या. हे मनात आलं तशी युतमेई रडायलाच लागली.

तोंगशेठ खाली आले, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कुठलंही चांगलंसं नाव लिहा, घर सुंदर आहे, कुणीतरी घेईल."

"कुणीतरी घेईल म्हणूनच तर नको!" युतमेई उसळली.

"'होनमिंगची आई' लिहू या," होनमिंग म्हणाला.

"तिकडं काय तू एकटाच होनमिंग आहेस? अमक्याची आई म्हणून लिहिलेली पार्सलं आमच्याकडं कोपऱ्यात कुजतात, माहितेय?" आणि बोलता बोलता ती थांबली. टपालखात्यातली बाई शेवटी. ज्याचं नावगाव धड ठाऊक नाही, त्याचं टपाल कसं पाठवतात? जो ओळखतो त्याच्या मार्फत. "मावशी, थोरलीला, त्या लायफोंगला, आई माहीत असेल का हो?"

"माहीत? अगं दर वसंतात, थडगी झाडायच्या सणाला, तुझी आई लायफोंगसाठी एक नवा पोशाख जाळायची. स्वतः शिवलेला, कागदाचा, बटणांसकट. म्हणायची, तिचं नाव वापरतेय, भाडं नको द्यायला?"

"मग थोरलीच्याच पत्त्यावर पाठवू. ती देईल आईला."

"सवत सवतीला घर देईल?" तोंगशेठनी कपाळावर हात मारला. "पोरी, माझ्या दोन आज्या होत्या. एक दुसरीला काडेपेटी द्यायची नाही."

"मागायला काय जातंय? नाहीच दिलं तर बघू," युतमेई म्हणाली. बघणार काय होती, देव जाणे. घर एकच होतं.

रविवारी सकाळी घर होनमिंगच्या गाडीच्या टपावर बांधून कोल्माच्या कबरस्तानात आणलं. वारा असा की छप्पर, तेच ते तिरकं, दोनदा उडालं आणि डॉक्टरसाहेब सुटाबुटात थडग्यांमधून त्याच्यामागं धावले. मावशीनं भट्टीभोवती तांदळाच्या दारूचं रिंगण घातलं, भुतांनी आत यायचं नाही म्हणून. उरलेला घोट स्वतः घेतला. घर भट्टीत बसवलं. युतमेईनं काडी लावली.

"आता बोंबल," मावशी म्हणाली. "मनातल्या मनात बोललेलं तिकडं जात नाही."

आजूबाजूच्या थडग्यांपाशी इतर कुटुंबं होती. युतमेईला क्षणभर लाज वाटली, मग तिनं लाज गुंडाळून ठेवली.

"थोरल्या आई!" ती ओरडली. "मी युतमेई! तुमच्या सवतीची मुलगी! हे घर तुमच्या नावानं आलंय, पण ते तिचं आहे! तिला शोधा आणि द्या! तिचं नाव आम्हाला माहीत नाही, तुम्हीच विचारा! बुटकी आहे, बोटांना खळ लागलेली असते, प्रत्येक गोष्टीत खोड काढते! तुम्हाला दरवर्षी नवे कपडे घालते तीच!" ज्वाळा वरच्या मजल्यावर चढल्या. "खालचा मजला तुम्ही घ्या! दोघींना पुरेल! आणि त्या कवळीबद्दल माफ करा!"

शेजारच्या थडग्याशी धूप लावणारं अख्खं कुटुंब धूप हातात धरून बघत राहिलं. मावशी हसत होती आणि रडतही होती. युतमेईचा आवाज बसला. थोरलीला एवढं बोलली आणि आईला हाक मारायची तशीच राहिली. घराचे खांब वाकायला लागले. जिना गेला.

तेव्हा होनमिंग पुढं आला. तोच, दार लावून कुजबुजणारा. त्यानं टाय सैल केला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि असा ओरडला की चौथ्या रांगेतली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

"आई! घाबरू नकोस गं! तिकडं साहेब नाहीत! थोरल्या आईनं विचारलं की तुझं खरं नाव सांग!"